शिंगांखालची लाल टिकली

परवा दुपारी जेवण उरकून मी बाल्कनीत आरामखुर्चीत पडलो होतो. ऑगस्टचा पहिला आठवडा, ऑफिसला उन्हाळ्याची सुट्टी, आणि एर्लांगेनमध्ये असं ऊन पडलेलं की मला साताऱ्याचा एप्रिल आठवला. घरामागच्या रानातून आवाज आला. भॉक्! मग जरा थांबून, कुणीतरी वाट अडवल्यासारखा चिडून, भॉक्, भॉक्! आमची पाच वर्षांची मीनू बाहुली टाकून कठड्याशी धावली. "पापा, डा बेल्ट आइन हुंड!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायचं ते जर्मनमध्येच. मी म्हटलं, "कुत्रा नाही गं बाई, हरीण आहे ते." हरणं भुंकत नाहीत, असं तिनं मला जर्मनमध्ये ठणकावून सांगितलं. आतून सुधाचा आवाज आला, "अहो, पोरीला काहीतरीच काय सांगता? उद्या किंडरगार्टनमध्ये हसतील तिला." दोघी एका बाजूला झाल्या की आमच्या घरात सत्याचं काही खरं नसतं. मी डोळे मिटून घेतले. झोप मात्र उडाली ती उडालीच.

ह्या भुंकणाऱ्या हरणाला इथे रेह म्हणतात. अंगापिंडानं आपल्या भेकराएवढं, उन्हाळ्यात विटेच्या रंगाचं, आणि ओरडणंही थेट भेकराचंच. जुलै सरता सरता ह्यांच्या माजाचे दिवस येतात. नर खाणंपिणं विसरून भर उन्हात मादीच्या मागे धावत सुटतात. जर्मन शिकारी ह्या पंधरवड्याला 'ब्लाट्त्साइट' म्हणतात, म्हणजे पानाचे दिवस. बीच नावाच्या झाडाचं कोवळं पान ओठांत ताणून धरायचं आणि मादीसारखा बारीक, केविलवाणा आवाज काढायचा. नर त्या आवाजाच्या मागे चालत येतो. हे दिवस कॅलेंडरात छापलेले नसतात. उन्हाला डिंकाचा वास येऊ लागला आणि शेतात जव कापला गेला की समजायचं. गेली दहा-बारा वर्षं हे दिवस आले की मला हेर ब्रुनर आठवतात.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी कार्ल्सरूहेला पाण्याच्या टर्बाइनवर डॉक्टरेट करत होतो. शहराचा बराच भाग अजून पडका होता आणि उभ्या घरांतल्या मालकिणी माझं तोंड बघून "आत्ताच दिली हो खोली" म्हणायच्या. शेवटी काळ्या अरण्याच्या काठावर, रेल्वेनं पाऊण तासाच्या अंतरावर, एका गावात जागा मिळाली. घर ब्रुनर नवराबायकोचं. फ्राउ ब्रुनर ठेंगण्या, गोल, हसऱ्या. हेर ब्रुनर सत्तरी उलटलेले, काठीसारखे ताठ, निवृत्त फॉर्स्टर, म्हणजे गावच्या जंगलाचे राखणदार अधिकारी. नोकरी संपली तरी एका दरीतल्या जंगलाची आणि तिथल्या शिकारीची जबाबदारी गावानं त्यांच्याकडेच ठेवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला घराचे नियम वाचून दाखवले: दुपारी एक ते तीन आवाज नाही, शनिवारी जिना धुवायचा, बूट बाहेर. मी मनात म्हटलं, मान्या, अडकलास रे बाबा.

आमची गट्टी जमली ती पानामुळे. जुलैतल्या एका रविवारी अंगणातल्या बीचचं पान तोडून मी सहज ओठांत धरलं आणि फुंकलं. लहानपणी गुरांमागे हिंडताना आम्ही पोरं पिंपळाच्या पानाच्या पिपाण्या करायचो, तो हात अजून गेला नव्हता. पीं! वरच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली. दुपारचे दोन वाजले होते. आता नियमावर प्रवचन, म्हणून मी पान खिशात कोंबलं. हेर ब्रुनर अर्ध्या जिन्यावरून ओरडले, "पुन्हा! पुन्हा वाजवा!" मी पुन्हा वाजवलं. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि वरच्या दातांवर नखानं टकटक करून म्हणाले, "कवळी. चार वर्षं झाली, ह्या लाकडी तोंडातून पान वाजत नाही." दुपारच्या शांततेचा नियम त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा मोडला असावा.

मग मी त्यांच्याबरोबर रानात जाऊ लागलो. तिसऱ्या-चौथ्या फेरीत एक गंमत झाली, म्हणजे तेव्हा ती मला गंमत वाटली. वाटेवर कुंपणाचा एक जुना खांब होता, त्यावर कुणीतरी कोट टाकलेला. हेर ब्रुनरनी हॅट उचलून त्या खांबाला "ग्रूस गॉट" म्हणून नमस्कार केला. मी फिस्सकन हसलो. ते थांबले, हॅट पुन्हा घातली. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. झाड दिसतं, जनावर आहे हे दिसतं, गोळी मारण्यापुरतं दिसतं. जनावर कोणतं ते दिसत नाही." मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" ते म्हणाले, "डॉक्टरकडे गेलो तर परवाना जाईल. परवाना गेला की जंगल गेलं. फ्राउ ब्रुनरला माहीत आहे. आता तुम्हाला." माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

त्या दिवसापासून मी त्यांचे डोळे झालो आणि त्यांची फुंकरही. आज कुणी अर्धआंधळ्या माणसाच्या हातात बंदूक देऊन त्याच्या शेजारी बसला तर मी पहिला ओरडेन, पोलिसात जाईन. पण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, आईवडिलांपासून हजारो मैलांवर, आणि एवढा मोठा माणूस मला म्हणत होता की तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. कोण नाही म्हणेल? एक अट मात्र मी घातली. नराच्या मागे मातीची चढण असल्याशिवाय आणि आसपास माणूस नाही असं मी सांगितल्याशिवाय बंदूक उचलायची नाही. त्यांनी माझ्या हातावर हात मारला. ती अट त्यांनी शेवटपर्यंत पाळली.

पहिल्यांदा नर आला ती दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. दीडचा सुमार. वादळात उन्मळून पडलेल्या एका थोरल्या झाडाच्या मुळांआड आम्ही बसलो होतो. समोर छोटं मोकळं गवत, त्यापलीकडे फरची दाट झाडी. माश्या घोंगावत होत्या, डिंकाचा वास नाकात भरला होता, पानही हलत नव्हतं. मी पान ओठांत धरलं. पीं… पीं… आणि थांबलो. काही नाही. घामाचा थेंब नाकाच्या टोकावर येऊन लटकला, पण पुसायची परवानगी नव्हती. पुन्हा पीं. आणि जिथे नुसती सावली होती तिथे एकाएकी तो उभा होता! कधी आला, कुठून आला, पाऊल कसं वाजलं नाही, देव जाणे. तांबडं अंग, काळं ओलं नाक, कानांच्या वर उभी शिंगं. पंधरा-वीस पावलांवर. त्याच्या पापणीवर बसलेली माशी मला दिसत होती. माझ्या तोंडातल्या एका पानाच्या बोलावण्यावर एवढं देखणं जनावर आपला जीव घेऊन माझ्यापुढे आलं होतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा लहानपणी जसं व्हायचं तसं झालं मला. हात जोडावेसे वाटले.

"मान?" कानाशी कुजबुज आली. हेर ब्रुनरांचे प्रश्न ठरलेले असत. मान कशी, डोकं कसं धरलंय, शिंगं कानांच्या किती वर, चाल कशी. मी पुटपुटलो, "मान बारीक. डोकं उंच. शिंगाला तीन-तीन टोकं. चाल नाचरी." "मग जाऊ दे. अजून पोर आहे, चांगला निघेल." त्यांनी बंदुकीला हातही लावला नाही. नरानं आमच्या दिशेनं वास घेतला, एकदा भुंकला, आणि जंगलानं त्याला गिळून टाकलं. मी थरथरत होतो. हेर ब्रुनर माझ्याकडे कडेच्या नजरेनं बघून हसले. म्हणाले, "मीसुद्धा. पन्नास वर्षं झाली, अजूनही."

मला वाटायचं शिकार म्हणजे राजेरजवाड्यांची चैन. आमच्या गावाकडे सशाला जाळी लावत, रानडुक्कर मारत, वाटे घालून खात. त्यात विचार तो काय करायचा? इथे बघतो तर काय, दर वर्षी वसंतात एक कागद तयार व्हायचा. ह्या दरीत इतके म्हातारे नर मारायचे, इतक्या माद्या, इतकी अशक्त पिल्लं. तरुण, भरल्या अंगाचा, चांगल्या शिंगांचा नर मारायचा नाही, तो पुढच्या पिढीसाठी. मी वाद घालायचो. म्हटलं, "जंगल त्यांचं, मरूद्या जगूद्या, तुम्ही कोण?" ते मला ओढत एका उतारावर घेऊन गेले. युद्धानंतर परक्या फौजांनी तिथली झाडं तोडून नेली होती, गावानं नवी रोपं लावली होती, आणि एकूण एक रोपाचा शेंडा खुडलेला. "लांडगा आम्हीच संपवला," ते म्हणाले. "त्याचं काम आता कुणी करायचं? तुम्ही?" नोव्हेंबरात त्यांनी मला खरंच कामाला लावलं. मेंढीच्या लोकरीचा एकेक पुंजका रोपाच्या शेंड्याला गुंडाळायचा, म्हणजे हरणाच्या तोंडात लोकर येते आणि ते शेंडा सोडतं. बोटं गारठून लाकडं झाली. संध्याकाळी मागे वळून पाहिलं तर अख्ख्या डोंगराला पांढऱ्या टोप्या घातलेल्या. तेव्हापासून मी त्या कागदाविषयी तोंड सांभाळून बोलायला लागलो.

तरी माझं एक भांडण अजून मिटलेलं नाही. किती जनावरं जंगलाला पेलतील हे मोजणं मला पटतं. पण शिंगांवरून कोण लायक आणि कोण नालायक हे ठरवणं मला तेव्हाही रुचलं नाही, आजही रुचत नाही. शिंगं काय, एका कडक हिवाळ्यात खुजी राहतात आणि पुढच्या वर्षी वाढतात. माद्या कमी करा, जंगलाचं पोट बघा, शिंगांचं काय कौतुक? एकदा जेवताना हेर ब्रुनर एका लंगड्या पिल्लाविषयी म्हणाले, "ते जगण्याच्या लायकीचं नाही." फ्राउ ब्रुनरनी सूपचा डाव खाली ठेवला. "माझ्या टेबलावर असं बोलायचं नाही," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. हेर ब्रुनरांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना फ्राउ ब्रुनरनी मला सांगितलं. त्यांच्या धाकट्या भावाला फिट्स यायच्या. एका संस्थेत ठेवला होता. युद्धाच्या काळात, सरकार अशा माणसांना गुपचूप मारत होतं तेव्हा, एक दिवस त्याची राख टपालानं घरी आली, सोबत न्यूमोनियाचा कागद. "तेव्हाही हेच शब्द होते," एवढं बोलून त्यांनी पुढची ताटली माझ्या हातात दिली. त्यानंतर हेर ब्रुनरांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही.

आता त्या म्हाताऱ्या नराविषयी सांगायला हवं. दरीच्या वरच्या अंगाला एक नर होता, नऊ-दहा वर्षांचा, हेर ब्रुनरांचे डोळे शाबूत होते तेव्हापासून त्यांच्या ओळखीचा. सात वर्षं त्यांनी त्याला राखला होता. आता त्याचे दात झिजले असणार, येता हिवाळा त्याला उपाशी मारणार, बर्फात पंधरा-पंधरा दिवस झिजून. "तसा नको मरायला," ते म्हणायचे. "त्याला मी गोळी देणार आणि मग बंदूक खुंटीला. शेवटचा तोच." दोन उन्हाळे आम्ही त्याच्या मागे होतो. हेर ब्रुनर आता कडेचंही कमी बघू लागले होते, ते मला कळत होतं. मला एकच ध्यास लागला होता की ह्या माणसाला त्याचा नर मिळवून द्यायचा. माझा प्रबंध बाजूला पडला, प्रोफेसर चिडले, पण मी तिकडे दरीत पान फुंकत बसलेलो.

दुसऱ्या उन्हाळ्यातली ऑगस्टची ती दुपार. वादळ येणार असं वाटत होतं, हवा गच्च. मी दोनदाच पान वाजवलं आणि झाडी फोडून तो धावत आला. समोरून, थेट आमच्यावर. मान मला जाड दिसली. डोकं खाली, अगदी जमिनीसरसं. तोंड पांढुरकं. "मान?" "जाड." "डोकं?" "खाली. अगदी खाली." "तोंड?" "पांढरं. तोच आहे, हेर ब्रुनर, तोच!" चाल कशी, हे त्यांनी विचारायचं राहिलं की मी त्यांना विचारू दिलं नाही, कुणास ठाऊक. मागे चढण होती. माणूस नव्हता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला, बार टाकायची ती आमची खूण. बार झाला आणि तो नर जागच्या जागी कोसळला. हेर ब्रुनरनी बंदूक खाली ठेवली, हॅट काढली, आणि त्यांचे ओठ हलत होते.

आम्ही जवळ गेलो. ते गुडघ्यांवर बसले, आणि डोळ्यांनी नाही म्हणून हातांनी बघू लागले. शिंगं चाचपली. मान चाचपली. मग त्याचं तोंड उघडून अंगठा आतल्या दाढांवरून फिरवला. एकदा. पुन्हा एकदा, हळू. अंगठा तिथेच थांबला. "हेर माने," ते म्हणाले, "ह्या दाढांना धार आहे. हा तीन वर्षांचा आहे." मी खाली बसलो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माजाच्या दिवसात मादीचा माग काढत धावणारा कुठलाही नर नाक जमिनीला लावून धावतो, म्हातारा असो की तरुण. समोरून बघितलं की कुठलीही मान जाड दिसते, आणि पांढुरकं तोंड काही तरुण नरांचंही असतं. हे सगळं त्यांनी मला शिकवलं होतं. पण मला तो म्हातारा दिसायलाच हवा होता, म्हणून दिसला. मी रडायला लागलो, अगदी शाळकरी पोरासारखा.

"उठा," ते म्हणाले. "आधी त्याचं करायचं आहे." इथली रीत अशी की मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, त्याचा शेवटचा घास. दुसरी डहाळी त्याच्या रक्ताला टेकवून सोबत्यानं शिकाऱ्याला हॅटवर ठेवून द्यायची. मी म्हटलं, "मला नाही जमणार. चूक झालीय." ते म्हणाले, "चूक आपली आहे. त्यानं काय केलं? त्याचा मान त्याला मिळाला पाहिजे." मी फरच्या दोन डहाळ्या मोडल्या. एक त्यांनी चाचपून नराच्या दातांत ठेवली, झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं इतक्या अलगद. दुसरी मी हॅटवर ठेवून पुढे केली. त्यांनी ती घेतली, अर्धी मोडली, आणि अर्धी माझ्या कोटाला खोचली. मग पाऊस आला आणि आम्ही दोघं नराशेजारी भिजत बसून राहिलो.

सबंध हिवाळा घरात ह्या विषयावर शब्द नाही. फ्राउ ब्रुनर माझ्या ताटात थोडं जास्त वाढायच्या. त्या डिसेंबरात वरच्या दरीत बर्फ कंबरेइतकं पडलं. हेर ब्रुनर खिडकीत उभे राहून दिसत नसलेल्या डोंगराकडे बघत राहायचे. मला माहीत होतं ते कुणाचा विचार करताहेत. त्यानंतर तो म्हातारा नर कुणाच्या दृष्टीस पडला नाही. एका गोळीनं मी दोघांचं वाटोळं केलं होतं, तरुणाचं आणि म्हाताऱ्याचं. तो विचार अजूनही कधीकधी मला पहाटे जागा करतो.

मार्चमध्ये तालुक्याच्या गावी गास्टहाउसच्या, म्हणजे तिथल्या खानावळीच्या, मोठ्या दालनात प्रदर्शन भरायचं. वर्षभरात मारलेल्या प्रत्येक नराची शिंगं आणि खालचा जबडा फळीवर लावून मांडायचा, हा नियम. जाणकार मंडळी जबड्यावरून वय तपासत. नर योग्य मारला असेल तर शिंगांखाली हिरवी टिकली, चुकीचा असेल तर लाल. दंड नाही, शिक्षा नाही. फक्त ती टिकली, आणि दिवसभर तिच्यासमोरून जाणारी पंचक्रोशी. हेर ब्रुनरांच्या फळीवर पन्नास वर्षांत एकही लाल टिकली लागली नव्हती. मी म्हटलं, "आजारी आहे म्हणून कळवा ना." त्यांनी ठेवणीतला हिरवा कोट चढवला आणि चालायची काठी घेतली. मी सोबत गेलो. बाहेरच्या दगडी पायऱ्या ते कठड्याला धरून, एकटे, ताठ चढले. लोकांदेखत कुणाचा हात धरायचा नाही हा त्यांचा हट्टच होता.

दालनात सिगारचा धूर, बिअर, शंभरेक माणसं, भिंतीवर शिंगांच्या रांगाच रांगा. मला आमची फळी लांबूनच दिसली. कुंकवाएवढी लाल टिकली. हेर ब्रुनर तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत. येणारा हात मिळवायचा, फळीकडे बघायचा, आणि पुढे सरकायचा. दुपारी तपासणाऱ्या मंडळींचे प्रमुख आले, लठ्ठ, मिशाळ, मोठ्या आवाजाचे. "ब्रुनर! तुम्ही? तीन वर्षांचा, आणि असा सुरेख? म्हातारपणी शिंगांचा मोह आवरला नाही वाटतं?" आसपासचे हसले. हेर ब्रुनर एक वाक्य बोलले असते की मला दिसत नाही, तर तो हावरेपणाचा डाग पुसला गेला असता, पण जंगल गेलं असतं. जंगलासाठी ते डाग अंगावर घेऊन उभे होते. मला ते बघवेना.

"माफ करा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच फार मोठा वाटला. "तो म्हातारा आहे असं मी सांगितलं होतं." मिशाळ गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही? आणि ब्रुनरना तुम्ही सांगायची गरज का पडावी?" मदत करायला गेलो आणि त्यांचं गुपित चव्हाट्यावर आणून ठेवलं मी! "नाही म्हणजे… मी आपला उगीच बडबडलो, त्यांनी ऐकलं असेल…" मी चाचरायला लागलो. लोक माझ्याकडे नाही, हेर ब्रुनरांकडे बघत होते, त्यांच्या डोळ्यांकडे.

"हेर माने, पुरे," हेर ब्रुनर म्हणाले. आवाज नेहमीचाच, घराचे नियम वाचावे तसा. "ह्यांना जे दिसलं ते ह्यांनी सांगितलं. ज्याला दिसत नाही त्यानं बंदूक उचलायची नसते. मला साडेतीन वर्षं दिसत नाही. गोळी माझी, टिकली माझी." त्यांनी आतल्या खिशातून परवाना काढला. फळीचा काठ चाचपला, आणि परवाना लाल टिकलीच्या खाली ठेवून दिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मिशाळ गृहस्थांनी आपली सिगार विझवली. मी त्या माणसाकडे बघत राहिलो. मी नर बघून थरारलो होतो, जंगल बघून थरारलो होतो, पण माणूस बघून अंगावर काटा यावा हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

गर्दीनं वाट दिली. आम्ही दारातून बाहेर आलो. बर्फ वितळत होतं, वळचणीतून पाणी ठिबकत होतं, खाली अंगणात माणसं वर तोंड करून उभी होती. हेर ब्रुनर पायऱ्यांच्या तोंडाशी थांबले. कठड्याकडे त्यांनी हात नेला नाही. तो हात त्यांनी माझ्या दंडात घातला, सगळ्यांदेखत, आणि विचारलं, "पायऱ्या किती आहेत?"

मी मोजल्या. माझाच माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून पुन्हा मोजल्या. "सात," मी म्हटलं.

त्यांनी काठी काखेत मारली आणि पाय पुढे टाकला.